क्लोव्हिस शेरामीचा नांगर

नांगर टाकताना क्लोव्हिस शेरामी पाण्यात पडला आणि नांगर होडीतच राहिला.

पाणी कमरेएवढंच होतं, पण खाली चिखल होता आणि तो मांडीपर्यंत होता. म्हणजे क्लोव्हिस निम्मा पाण्यात, निम्मा चिखलात आणि उरलेला शिव्या देत उभा होता. होडी वाऱ्याबरोबर आरामात निघून गेली आणि पुढे गवतात अडकली. तासाभराने त्याला कोणी बाहेर काढलं असेल, तर त्याच्या मेहुण्याने, अल्सीदने. साऱ्या खाजणात दुसरा कोणीही चालला असता. अल्सीदचं तोंड जन्मल्यापासून बंद झालेलं नव्हतं.

"काय रे, खेकडे धरतोयस की स्वतःला पेरलंयस?" अल्सीद लांबूनच ओरडला. गावात पोचेपर्यंत त्याने हीच गोष्ट क्लोव्हिसला तीनदा सांगून दाखवली, जणू काही क्लोव्हिस तिथे नव्हताच. धक्क्यावर पाय ठेवल्याबरोबर ती त्याने सगळ्यांना सांगितली.

युलालीने नवऱ्याला अंगणातच उभं करून बागेच्या नळीने धुतला. तिने आरडाओरडा केला नाही, आणि क्लोव्हिसला त्याचीच धास्ती वाटली.

"तुझा खांदा गेलाय," ती म्हणाली. "कंबर तर त्याआधीच गेलीय. वाकून नांगर टाकायचा आणि वाकून ओढायचा, हे आता बंद."

"मग होडी थांबवू कशी?"

"ते तू बघ. न वाकता थांबेल असं काहीतरी बसव. मी स्वतः होडीत बसून बघणार. जमलं तर जा एकटा. नाही जमलं तर नाताळानंतर होडी माझ्या भाच्याला द्यायची, आणि तू अल्सीदबरोबर जायचंस."

"अल्सीदबरोबर?"

"त्याच्या होडीत छत आहे, रेडिओ आहे. आणि सोबत आहे."

क्लोव्हिस ओल्या कपड्यांत खाली पायरीवर बसला. आयुष्याचा मोठा भाग त्याने मिसिसिपी नदीवर बार्जा, म्हणजे मालाच्या सपाट होड्या, ढकलणाऱ्या बोटींवर आचारी म्हणून काढला होता. चहूबाजूंनी इंजिनं, आणि दिवसातून चार वेळा भुकेली माणसं. त्या इंजिनांनी त्याचा डावा कान खाल्ला आणि त्या माणसांनी त्याची सहनशक्ती. नोकरी संपल्यावर त्याला एकच गोष्ट हवी होती. पहाटे कॉफीचा थर्मास घेऊन खाजणात शिरावं आणि दुपारपर्यंत कोणी त्याला एक शब्दही विचारू नये. रेडफिश मासा काही विचारत नाही. म्हणूनच तो त्याला आवडत असे.

आणि त्याच्याकडे खिसा होता.

खिसा म्हणजे गवताच्या आड दडलेलं एक उथळ पाणी. बाहेरून बघणाऱ्याला तिथे नुसतं गवत दिसे. ते त्याच्या बापाचं होतं. बाप अंथरुणावर शेवटचे श्वास मोजत होता, बायका जपमाळ घेऊन बसल्या होत्या, आणि बापाने हाताने क्लोव्हिसला जवळ बोलावलं. सगळ्यांना वाटलं, घराबद्दल काही सांगतोय. त्याने सांगितलं ते खिशात कसं शिरायचं ते. घर कोणाचं, यावर पुढे भावंडं वर्षभर भांडली. खिशावर कोणी भांडलं नाही, कारण तो आहे हे कोणाला कळलंच नाही. क्लोव्हिसने तो युलालीलासुद्धा दाखवला नव्हता. गावातला प्रत्येक पुरुष असाच काहीतरी लपवून होता, आणि प्रत्येकाला वाटे की लपवण्यासारखं फक्त आपल्याकडेच आहे.

दुसऱ्या दिवशी तो झीमच्या दुकानात गेला. झीमकडे आमिष, बर्फ, होडीचं सामान, गरम सॉसेज आणि फुकटचे सल्ले मिळत. सल्ल्यांचा साठा कधी संपत नसे. अल्सीद उंच स्टुलावर बसलेला होताच. बर्फाच्या पेटीपाशी फादर तोआन जिवंत कोळंबी निवडत उभे होते, एकेक उचलून, आईने बाळाची नखं तपासावी तशी.

फादर तोआनांबद्दल इथे सांगितलंच पाहिजे. त्यांचे आईवडील व्हिएतनाममधून आलेले, कोळंबीच्या बोटीवर संसार केलेले. फादर त्या बोटीवरच मोठे झाले. माणूस भला, प्रवचन छोटं, आवाज गोड. पण मासेमारीच्या बाबतीत त्यांच्याइतका लोचट माणूस साऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे जिल्ह्यात, नव्हता. मयताच्या घरी गेले की आधी मनापासून सांत्वन करत, रडणाऱ्याबरोबर रडत, आणि निघताना दारात विधवेला हळूच विचारत, "ते ट्राउट मासे धरायला कुठे जायचे हो?" दोन विधवांनी सांगूनही टाकलं होतं.

"काय हवं?" झीमने विचारलं.

"उथळ पाण्यातला नांगर. बटणाचा."

दुकान उजळलं. या विषयावर मत नसलेला माणूस त्या किनाऱ्यावर सापडायचा नाही.

"दोन जाती आहेत," झीम म्हणाला. "एक सरळ दांडा. विजेवर चालतो, होडीच्या मागे उभा बसतो, बटण दाबलं की सरळ खाली जाऊन तळात रुततो. दुसरा दुमडता हात. नाकतोड्याच्या तंगडीसारखा घडी करून बसतो आणि तेलाच्या जोरावर उलगडतो. तो लांब जातो."

"सरळ दांडा घे," अल्सीद म्हणाला. "तंगडी म्हणजे कटकट. तेल गळतं."

"तुझं कुठे गळत नाही?" झीम म्हणाला, आणि क्लोव्हिसकडे वळला. "मला फक्त एक सांग. तळ कसला?"

सगळी निवड त्या एका प्रश्नावर होती, आणि त्याचं खरं उत्तर होतं चिखल. मऊ, काळा, कॉफीच्या चोथ्यासारखा. पण पेटीपाशी फादरांचा हात कोळंबीवर थांबला होता. त्यांनी मान वर केली नाही. कान मात्र वर झाले होते.

"शिंपल्यांचा," क्लोव्हिस म्हणाला. "कालवांच्या शिंपल्या. कडक."

"हां," झीम म्हणाला.

"कडक?" अल्सीद म्हणाला. "तुला मी चिखलातून उपटला काल!"

"ते मी रस्ता चुकलो होतो."

"शिंपल्यांवर सरळ दांडा उत्तम," झीम चेहरा न हलवता म्हणाला. "एका डॉक्टरांच्या होडीवरून काढलेला एक आहे माझ्याकडे. आखूड आहे, पण शिंपल्यांवर लांबी हवी कशाला? बसवून देतो. नाताळापर्यंत वापर, नाही पटला तर आणून दे."

आता तोंडातून शिंपल्या गेल्यावर दुमडता हात मागायचा कसा? क्लोव्हिस आखूड दांडा घेऊन बाहेर पडला. फादर त्याच्यासाठी दार धरून उभे होते.

"पूर्वेकडच्या शिंपल्या का, क्लोव्हिसकाका?" त्यांनी अगदी सहज विचारलं.

"सगळीकडच्या, फादर," क्लोव्हिस म्हणाला.

पाहणीच्या दिवशी युलाली सॅंडविचं घेऊन, डोक्याला रुमाल बांधून होडीत बसली. बसायला बर्फाची पेटी निवडली, म्हणजे नवऱ्याला बिअर काढता येऊ नये. क्लोव्हिस तिला सरळ शिंपल्यांच्या बांधावर घेऊन गेला. बटण दाबलं. दांडा खाली गेला, खट्ट झालं, आणि होडी खुंटीला बांधल्यासारखी उभी राहिली.

"वा," युलाली म्हणाली.

"झालं तर मग. जाऊ या घरी?"

"मासे धर की."

तिथे मासे नव्हते. तिथे कधीच मासे नसत, म्हणून तर तिथे कोणी नव्हतं. क्लोव्हिसने बराच वेळ गळ टाकला आणि काढला. युलालीने तिचं सॅंडविच खाल्लं, मग त्याचं खाल्लं.

"क्लोव्हिस," ती म्हणाली. "तू इथे येत नाहीस."

"इथेच येतो."

"तुझ्या पॅंटी कोण धुतं? शिंपल्यांवर जाणाऱ्याच्या पॅंटी फाटतात. तुझ्या फाटत नाहीत, नासक्या अंड्यांसारख्या घाणतात. तो वास चिखलाचा. मी आंधळी झाले तरी नाक आहे मला."

क्लोव्हिसने पाण्याकडे बघितलं.

"जिथे जातोस तिथे ने. नाहीतर पाहणी झालीच नाही असं समज."

"कोणाला सांगायचं नाही."

"कोणाला सांगू? अल्सीदला? मी त्याची बहीण आहे, शत्रू नाही. त्याच्या पोटात ठेवलं तर त्याचं पोट फुटेल."

तो तिला खिशात घेऊन गेला. गवत बाजूला झालं, आणि आत पाणी आरशासारखं पसरलं होतं. रेडफिशच्या शेपट्या पाण्याबाहेर येऊन हळूच हलत होत्या. क्लोव्हिसने बटण दाबलं. दांडा खाली गेला. आणखी खाली गेला. संपेपर्यंत गेला, आणि त्याला काहीच लागलं नाही. वाऱ्याची झुळूक आली, तशी खिरीतून चमचा फिरावा तशी होडी दांड्यासकट सरकायला लागली आणि थेट माशांच्या अंगावर गेली. शेपट्या नाहीशा झाल्या.

क्लोव्हिसचं डोकं फिरलं. त्याने जुना नांगर उचलला, वाकला, खांद्यात कळ आली, आणि तो पुढे गेला. युलालीने मागून त्याचा पट्टा पकडला नसता तर त्याने स्वतःला पुन्हा पेरलं असतं.

दोघं होडीच्या तळाशी धापा टाकत बसली. पट्टा अजून तिच्या हातात होता.

"बघितलं मी," ती म्हणाली. "नाताळापर्यंत मुदत."

परतताना तिने एकदाच मागे वळून बघितलं. "सुंदर आहे," म्हणाली. त्याला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता विचारायचं कोणाला? झीमला विचारलं तर अल्सीद ऐकणार. अल्सीदने ऐकलं तर रेडिओची गरज उरणार नाही. असल्या चिखलात होडी खिळ्यासारखी उभी करणारा एकच माणूस क्लोव्हिसने पाहिला होता. त्या माणसाच्या होडीला मागे दोन लांब दुमडते हात होते. तो माणूस फादर तोआन होता. फादरांना विचारायचं म्हणजे कोल्ह्याला खुराड्याच्या कडीबद्दल विचारण्यासारखं होतं.

रविवारी मिस्सा चालू असताना क्लोव्हिस याच विचारात होता. शेवटी फादरांनी नेहमीची सूचना दिली: नाताळाआधीची कन्फेशनं, म्हणजे पापांची कबुली, शनिवारी दुपारी. आणि क्लोव्हिसला एकदम शाळेतल्या सिस्टर आठवल्या. हातात पट्टी, ओठावर मिशी. त्या सांगत: कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरूला कधीच बोलता येत नाही. राजाने जीभ कापली तरी नाही. आणि नुसतं बोलता येत नाही एवढंच नाही मुलांनो, तुमचं नुकसान होईल असं त्याचं काही करताही येत नाही. त्या माहितीवर एक पाऊलसुद्धा टाकता येत नाही!

एक पाऊलसुद्धा. वल्हंसुद्धा नाही.

क्लोव्हिस देवळात हसला. युलालीने त्याला चिमटा काढला.

शनिवारी तो रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिला. आत शिरला, गुडघ्यांनी तक्रार केली, जाळीपलीकडे फादरांची सावली दिसली. त्यांच्या अंगाला जरासा कोळंबीचा वास येत होता.

"फादर, मी खोटं बोललो."

"कोणाशी?"

"झीमशी. तुम्हीही होतात तिथे."

"कशाबद्दल?"

"तळाबद्दल."

खुर्ची करकरली. फादर तोआन मूर्ख नव्हते. काय चाललंय ते त्यांना चटकन कळलं, पण पुरेसं चटकन नाही.

"क्लोव्हिसकाका, थांबा. एवढं पुरे. देवाला कळलं."

"पाप पूर्ण सांगावं असं सिस्टर म्हणायच्या. अर्धवट कबुली म्हणजे आणखी एक पाप."

"मी सांगतोय ना, पूर्ण झालं! तळ मऊ आहे, तुम्ही कडक म्हणालात, संपलं. जागा सांगायची गरज नाही."

"पण फादर, खोटं जागेबद्दलच होतं. बंद पडलेल्या तेलविहिरीचा तो गंजका नळ आहे ना, पाण्याबाहेर आलेला..."

"काका, नको!"

"...तिथून डावीकडे."

जाळीपलीकडून एक लांब आवाज आला. कोणीतरी आतल्या आत कण्हत होतं.

"डावीकडे?" फादर म्हणाले. त्यांच्या आवाजात पापाबद्दलचं दुःख नव्हतं. दुःख होतं, पण ते दुसरंच होतं. "मी गेल्या आठवड्यात त्या नळापर्यंत पोचलो होतो. दोन वर्षं शोधतोय. मी उजवीकडे वळलो, क्लोव्हिसकाका. या आठवड्यात डावीकडे वळणार होतो."

"अरेरे," क्लोव्हिस म्हणाला. तेवढ्यापुरतं ते खरंही होतं.

बाहेर कोणीतरी मेणबत्त्यांचे उरलेले बुडखे खरवडत होतं.

"आता मला सांगा," क्लोव्हिस म्हणाला, "तसल्या चिखलात होडी थांबवायची कशी?"

"हे कन्फेशन आहे. दुकान नाही."

"पुन्हा खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून विचारतोय. पापाचा मोह टाळावा असं सिस्टर..."

"सिस्टरांना मध्ये आणू नका!" फादरांनी श्वास सोडला. मग त्यांच्यातला कोळी धर्मगुरूपेक्षा वरचढ ठरला. "सरळ दांडा विसरा. लांब दुमडता हात हवा, आणि एक नाही, दोन. दोन्ही कोपऱ्यांना. एकावर होडी दावणीच्या बकरीसारखी गोल फिरते. बटण दाबून गेला खाली की लगेच विश्वास ठेवायचा नाही. चिखल आधी खोटंच सांगतो. थोडं थांबायचं, परत दाबायचं. तेव्हा रुततो. काढताना इंजिन हलकं मागे घ्यायचं, म्हणजे चिखल सोडतो. आणि बॅटरी पुढे हलवा, नाहीतर होडी बदकासारखी मागे बसेल."

"देव तुमचं भलं करो, फादर."

"थांबा. प्रायश्चित्त राहिलं." फादरांचा आवाज आता फार गोड झाला. "खोटं दुकानात, सगळ्यांसमोर बोललात. तर दुकानात जाऊन, सगळ्यांसमोर, खरं सांगायचं. तळ मऊ आहे म्हणून."

"फादर!"

"कुठे ते सांगायचं नाही. कोणी विचारलं तर गप्प बसा, त्यात पाप नाही. पण चिखल म्हणायचं. मोठ्याने."

"अल्सीद असेल तिथे."

"असेलच," फादर म्हणाले, आणि पापक्षमेचा मंत्र म्हणायला लागले.

क्लोव्हिसला दुकानापर्यंतची वाट तुरुंगाच्या वाटेसारखी लांब वाटली. अल्सीद स्टुलावर होता. आणखी चारपाच जण सॉसेज खात होते. क्लोव्हिसने आखूड दांडा काउंटरवर ठेवला, टोपी काढली आणि म्हणाला, "झीम, मी खोटं बोललो होतो. तळ शिंपल्यांचा नाही. चिखल आहे."

कोणीही चावणं थांबवलं नाही.

"मऊ चिखल," क्लोव्हिस आणखी मोठ्याने म्हणाला.

"बरं मग?" झीम म्हणाला. "या खाजणात चिखल नाही असं आहे काय? इथून समुद्रापर्यंत चिखलच चिखल. तू चिखल म्हणालास म्हणून कोणाला काय कळणार आहे?"

क्लोव्हिस तोंड उघडं ठेवून उभा राहिला. खरोखरच, काय कळणार होतं?

"मग तू मला तो आखूड दांडा दिलास कशाला?"

"तू शिंपल्या म्हणालास म्हणून! सगळेच शिंपल्या म्हणतात. हा इथे बसलाय, हाही म्हणाला होता." त्याने अल्सीदकडे बोट दाखवलं. "मग दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने येतात आणि लांब हात घेऊन जातात. तू मागच्या दाराने आलाच नाहीस. मला वाटलं, एक तरी खरं बोलणारा निघाला."

सगळे हसले. अल्सीद मात्र पहिल्यांदाच गप्प होता. त्याचे कान लाल झाले होते. क्लोव्हिसला ती शांतता इतकी आवडली की त्याने सॉसेज मागवलं आणि ती संपेपर्यंत उभ्याने खाल्लं.

दोन लांब हात बसले. बॅटरी पुढे गेली. युलाली पुन्हा रुमाल बांधून बर्फाच्या पेटीवर बसली. खिशात शिरल्यावर क्लोव्हिसने बटण दाबलं, थांबला, पुन्हा दाबलं. होडी थांबली. वारा आला, गवत वाकलं, होडी हलली नाही. पलीकडे शेपट्या हलत होत्या.

युलालीने बराच वेळ बघितलं. मग उठून उभी राहिली आणि पेटीचं झाकण उघडून त्याला बिअर दिली.

"उद्यापासून एकटा जा," म्हणाली. "मला इथे कंटाळा येईल. तू बोलत नाहीस."

नाताळानंतरच्या पहिल्या थंड सकाळी क्लोव्हिस खिशात एकटाच होता. गवतापलीकडे इंजिनाचा आवाज आला आणि गंजक्या नळापाशी थांबला. गवताच्या फटीतून त्याला फादर तोआन दिसले. टोपी, गळ, पाठीमागे दोन घडी केलेले हात. फादरांनी डावीकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मग छातीवर क्रूस केला, होडी उजवीकडे वळवली आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवाज करत निघून गेले.

त्या संध्याकाळी क्लोव्हिस दोन जाडजूड रेडफिश साफ करून, बर्फात घालून फादरांच्या दारी गेला. फादरांनी पेटी उघडली आणि त्यांचे डोळे चमकले.

"वा! हे कुठे..."

ते तिथेच थांबले. तोंड उघडं, शब्द अर्धा. क्लोव्हिस टोपी हातात धरून, अतिशय भाविक चेहऱ्याने वाट बघत राहिला.

"देव तुमचं भलं करो, क्लोव्हिसकाका," फादर शेवटी म्हणाले, आणि दार जरा जोरातच लावलं.